रोज एक ओळ

पाटीपाशी थांबायला जागा नाही. वळण संपतं, झाडं येतात, गावाच्या इतिहासाची निळी पाटी येते आणि जाते. पंचेचाळीसच्या वेगात तिच्यावरची एकच ओळ वाचून होते.

कुशल रामटेके रोज सकाळी सातला या रस्त्याने हॉस्पिटलला जातो. तिथे त्याची मुलगी काचेच्या पेटीत आहे. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली, वजन नऊशे ग्रॅम. त्याची बायको मैत्री तिथेच पालकांच्या खोलीत राहते. तासभर पेटीपाशी बसून कुशल दुसऱ्याच रस्त्याने ऑफिसला जातो. म्हणून पाटी दिवसातून एकदाच भेटते.

इथून पाव मैलावर, ओढ्याच्या काठी

पेटीवर कार्ड आहे: बेबी गर्ल रामटेके. नर्स डेनीस रोज विचारते, "नाव ठरलं?"

"घरी आल्यावर," कुशल म्हणतो. "आमच्याकडे विहारात नेऊन नाव ठेवतात. सगळ्यांसमोर."

"विहार म्हणजे एडिसन गावातलं एक बेसमेंट आहे, हेपण सांग तिला," मैत्री मराठीत म्हणते.

१६६७ च्या पानगळीत अठरा कुटुंबं

फोनवर शोधली असती तर अर्ध्या मिनिटात सगळी पाटी मिळाली असती. त्याने शोधली नाही. अठरा कुटुंबं मागच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर आली. घोंगड्या, कोंबड्या, एक मोडकं चाक. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सगळी उतरली. पुढे कुठे गेली, कळलं नाही.

आणि त्यांचे नोकर होड्यांतून उतरले.

नोकर किती, ते लिहिलेलं नव्हतं. कुशलने त्यांना पुढची सीट दिली. ते ओले होते.

मूळच्या लेनापे लोकांकडून घेतलेल्या जमिनीवर

"घेतलेल्या म्हणजे? विकत की हिसकावून?" मैत्रीने विचारलं.

"पुढच्या ओळीत असेल."

"तू गाडी चालवताना वाचतोस?"

"एकच ओळ."

"यार कुशल, समोर बघत जा ना."

त्यांनी घरं बांधली. पहिल्या हिवाळ्यात

इथे त्याला भीती वाटली. अशा पाट्यांवर पहिल्या हिवाळ्यानंतर काय येतं, हे कुणालाही माहीत असतं.

त्या दिवशी वॉर्डात शिरताना त्याला सगळ्या पेट्या ओळीने दिसल्या. प्रत्येकीत मंद दिवा, काचेवर वाफ. ओढ्याकाठची वस्तीच. डोक्यावरून शाली घेतलेल्या बायका पेट्यांमधून हळूहळू चालत होत्या, वाकून आत बघत होत्या, पुढे जात होत्या. कुशल दारातच उभा राहिला. त्या त्याच्या मुलीच्या पेटीशी पोचल्या, वाकल्या. मग डेनीसने त्याच्या खांद्याला हात लावला आणि हात धुवायची आठवण केली.

सहावी ओळ.

(त्याने डावीकडे, कुणाच्या तरी टपालपेटीकडे पाहिलं.)

सहावी ओळ.

(टपालपेटी.)

नऊ दिवस टपालपेटी. तिच्यावर लाल चिमणी रंगवलेली होती, हे आता त्याला पाठ झालं.

फोनमध्ये तीस नावांची यादी होती. दोघांनी मिळून केलेली. जन्मानंतर त्याने ती उघडली नव्हती. विहाराचं कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं. नाव नसलेलं मूल मृत्यूला नेता येत नाही, शोधायला आलेल्याला ते सापडणारच नाही, असं त्याला वाटायचं. आणि नाव ठेवलं आणि मग ती गेली, तर ते नाव जन्मभर कुठे ठेवायचं? हे त्याने मैत्रीला सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी बर्फ पडला. साडेसहाला मैत्रीचा फोन आला.

"इन्फेक्शन आहे. लवकर ये. पण हळू चालव."

वळण संपलं, झाडं आली, पाटी आली.

⠀

सगळ्या ओळी पांढऱ्या. टपालपेटीसुद्धा पांढरी. बघायला काहीच उरलं नव्हतं. कुशलने ब्रेक दाबला, दिवे लुकलुकते ठेवले आणि भर रस्त्यात गाडीतून उतरला. गुडघाभर बर्फातून पाटीपर्यंत गेला आणि तळव्याने खालचा भाग पुसला.

मागे एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"गाडी बंद पडली का?"

"नाही. वाचतोय."

ड्रायव्हरने पाटीकडे पाहिलं, कुशलकडे पाहिलं. हॉर्न वाजवला नाही.

अकरा मुलं दगावली.
त्यांची नावं नोंदलेली नाहीत.

वॉर्डात पोचल्यावर त्याने कोपरापर्यंत हात धुतले. पेटीभोवती नळ्या वाढल्या होत्या.

"नाव लिहायचंय," तो डेनीसला म्हणाला. "इला."

मैत्रीने वर पाहिलं. "इला कोण?"

"आपल्या यादीत आहे."

"असेल. मी तिला प्रीता म्हणते. पहिल्या दिवसापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"तुला विहार पाहिजे होता."

डेनीस कार्ड आणि पेन घेऊन उभी होती. मराठी कळत नसलं तरी भांडण तिला कळलं असावं. "घाई नाही," ती म्हणाली. "पण मीसुद्धा प्रीताच म्हणते."

कुशलने पेटीच्या गोल खिडकीतून आत बोट नेलं. "प्रीता." हा शब्द त्याच्या तोंडाला नवा होता. त्याने पुन्हा म्हटला. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवरून एक्याण्णववर गेला.

"कुणाच्याही आवाजाने वाढतो कधीकधी," डेनीस म्हणाली. "तरी बोलत राहा."

डॉक्टर म्हणाले होते, अठ्ठेचाळीस तास बघू. इतका वेळ काय बोलायचं? त्याने नावं सांगायला घेतली. तुझी आई मैत्री. तुझी आजी रमाबाई, ती नागपूरला असते. तिची आई सखुबाई. तिची आई...

तिथे तो अडला. मैत्रीने स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. नागपुरात संध्याकाळ होती.

"आई, तुझ्या आजीचं नाव काय होतं? आईच्या आईचं?"

"आता हे कशाला? बाळ कसं आहे?"

"इन्फेक्शन आहे. औषध चालू केलंय. तिला सांगायचंय."

"कुणाला?"

"प्रीताला."

मागे नागपूरचा टीव्ही वाजत होता.

"थांब," रमाबाई म्हणाल्या. "टीव्ही बंद करते."