तीन संत आणि एक झबलं

"आई, मेमेला सांग कोळसे टाकायला."

रविवारी सकाळी लिमोझच्या हॉस्पिटलातून कोरालीचा फोन आला आणि ती पहिल्यांदा हेच बोलली. मी हातात कोंबड्यांच्या दाण्याचं टोपलं घेऊन अंगणात तशीच उभी. ही माझी मुलगी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिच्या लहानपणी मेमेने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा चूल पेटवून कोळसे काढले, तर हिने भांड्यातलं पाणी उचलून मांजरावर ओतलं होतं. त्या दिवसापासून आजी-नातीत कोळशांचा विषय बंद होता.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"वाट बघा म्हणतात. औषध चालू आहे, वाट बघा. आई, ते खांदे उडवतात गं. डॉक्टरच खांदे उडवायला लागले तर मी कुठे जाऊ?"

लीझ, तिची मुलगी, चौदा महिन्यांची. बुधवारी आमच्याकडे असतानाच ताप आला, गुरुवारी मान ताठ झाली आणि तेव्हापासून तिने डोळे उघडले नव्हते. तिचा बाप स्पेनमधून ट्रक घेऊन निघाला होता, अजून वाटेतच होता. खाटेपाशी एकटी कोराली.

मी स्वयंपाकघरात आले तर मेमे चुलीपुढे बसलेलीच होती. हेझलची वाळकी लाकडं आणून ठेवलेली, झऱ्याच्या पाण्याने कटोरा भरलेला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? गुरुवारपासून वाट बघतेय. आईने मागितल्याशिवाय टाकता येत नाहीत, नाहीतर मी थांबले असते होय तुमच्यासाठी?"

आमच्याकडे हे असं आहे. लहान मूल कशानेच बरं होत नसलं, की समजायचं कुठल्यातरी संताने त्याला धरून ठेवलंय. कुठल्या, ते कोळसे सांगतात. एकेका संताचं नाव घेऊन एकेक निखारा पाण्यात टाकायचा. तरंगला तर तो संत मोकळा. बुडाला तर त्याच्या गावी जायचं, मुलाच्या अंगातलं कापड त्याच्या मूर्तीला लावायचं आणि तेच कापड मुलाला घालायचं. सगळे संत होईपर्यंत जाणाऱ्याने उपाशी राहायचं. पूर्वीचे पाद्री रविवारी ह्यावर खूप ओरडायचे आणि सोमवारी स्वतःच्या भाचीसाठी मागच्या दाराने मेमेकडे यायचे.

निखारे चर्र करत पडत गेले. मेमे नावं पुटपुटत होती. बरेच तरंगले. तीन बुडाले, दगडासारखे थेट तळाशी.

"व्हेर्नेजचा पार्दू," मेमे म्हणाली. "शाँतेगेलचा युत्रोप. आणि मुर्तेझचा प्साल्मे. तो मेला छळवादी आहे. कापड आण."

लीझचं बुधवारचं झबलं धुवायच्या टोपलीत तसंच पडलं होतं. पिवळं, पोटावर बदक, गळ्यापाशी गाजराचा डाग. मी आळशी आहे ते बरं झालं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. नाकाशी धरलं तर अजून तिचा वास होता. आंबूस, दुधाचा. मग मी ते नाकाशी धरायचं बंद केलं, कारण गाडी मला चालवायची होती.

व्हेर्नेजचं काम पटकन झालं. तिथलं चर्च उघडंच असतं, चोरण्यासारखं काही उरलेलंच नाही. संत पार्दू खांबाला टेकून उभा, रंग उडालेला, पायाशी प्लॅस्टिकची फुलं. मी झबलं त्याच्या पायांना लावलं. मेमेने माझ्या हातातून ते ओढून घेतलं, टाचा उंच करून त्याच्या छातीला लावलं आणि त्याला चांगलंच सुनावलं.

"तुला चौदा महिन्यांचीच पोर सापडली? मी इथे एक्याऐंशी वर्षांची तुझ्यासमोर उभी आहे, गुडघे गेलेली. मला धर की. डोळे काय फुटले?"

"मेमे, असं बोलतात का संताशी?"

"तो माझ्याशी कसा वागतोय ते बघ आधी."

शाँतेगेलला दाराला कुलूप. चिठ्ठी लावलेली: किल्ली समोरच्या निळ्या दाराच्या घरी. तिथे राहते एक इंग्रज बाई, हिलरी. पाद्रीबाबांचं जुनं घर तिने विकत घेतलंय आणि गावापेक्षा तिलाच त्या चर्चचं जास्त कौतुक. तिने दार उघडलं, हातांना पीठ लागलेलं. आम्हाला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला कसंसंच झालं.

"चर्च बघायला आलात? या ना, या! आधी चहा?"

"चहा नको. किल्ली," मी म्हटलं.

ती स्वतःच आली. दार ढकलता ढकलता सुरू झाली. बारावं शतक, ग्रॅनाइट, आणि हा खांब बघा, ह्याच्यावर माणूस कोरलाय की माकड, ह्यावर दोन विद्वानांचं भांडण आहे, मी एक पुस्तिका लिहितेय...

"बाई," मेमे म्हणाली, "माकडाचं राहू दे. युत्रोप कुठेय?"

"तो? तो बाजूच्या कोनाड्यात. पण त्याची मूर्ती काही खास नाही हो, एकोणिसाव्या शतकातली, प्लास्टरची..."

तेवढ्यात मी पिशवीतून झबलं काढलं. हिलरीने बदक बघितलं, डाग बघितला. खिशातून टॉर्च काढला आणि आम्हाला नीट दिसावं म्हणून कोनाड्यावर धरला.

युत्रोपचा रिवाज वेगळा. त्याला लावल्यावर कापड चर्चखालच्या झऱ्यात बुडवून काढायचं. नोव्हेंबरचं पाणी, बोटं वाकेनात. मी पिळत असताना हिलरी चढावर उभी राहून म्हणाली, "मी प्रोटेस्टंट आहे. पण मी प्रार्थना केली तर चालेल का?"

"चालेल गं बाई," मेमे म्हणाली. "आज कोणीही चालेल."

मुर्तेझला पोचेपर्यंत दुपार कलली होती. मेमेने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "तुम्ही काहीतरी खा, मी एकटी उपाशी राहते." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गिअर बदलला.

आणि मुर्तेझचं चर्च बंद. नुसतं बंद नव्हे, भोवती लोखंडी कठडे, दाराला साखळी, वर पंचायतीचा कागद: छत धोकादायक, प्रवेशास सक्त मनाई, सही सरपंच. मेमेने कठड्यावर पाय टाकायचा प्रयत्न केला. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. काटक्यांची मोळी उचलावी तशी ती हलकी लागली.

समोरच्या कॅफेत एकटी मालकीण ग्लास पुसत होती. "सरपंच? रविवारी? नोव्हेंबरात?" ती हसली. "अहो, सगळे पुरुष डुकरांच्या मागे आहेत. रानात. किल्ली त्याच्या खिशात आणि खिसा त्याच्याबरोबर."

मेमेला शेगडीजवळ बसवलं आणि मी रानाकडे गेले. वाटेवर पाटी: शिकार चालू आहे. मी अंगातला लाल कोट दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि ओरडत चालले, "मी माणूस आहे! मारू नका! मी माणूस आहे!" कुत्र्यांच्या गळ्यातल्या घंटा जवळ आल्या. शिंग वाजलं. झाडामागून नारिंगी जाकीट घातलेला एकजण बाहेर आला, तांबडाबुंद.

"अगं ए! मरायचंय का? तीन तास बसलोय त्या डुकरासाठी!"

"जरा डुकरापेक्षा वेगळं दिसून यायचं ना," दुसरा मागून म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

"सरपंच कोण?"

"मी. इव्हाँ." साठीचा माणूस, मिशा ओल्या. "पंचायत सोमवारी उघडते."

मी सांगितलं. जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढं. पोर, ताप, कोळसे, प्साल्मे. हसणारे टोपीशी चाळा करत बसले. इव्हाँने बंदुकीतून काडतुसं काढली आणि हातात खेळवत राहिला.

"बाई, वसंतात छतातून डोक्याएवढा दगड पडला. खाली रिकामी बाकं होती म्हणून. तू आत गेलीस, तुला काही झालं, तर तुरुंगात मी. आणि खरं सांगू? मी ह्या कशालाच मानत नाही. आमच्या घरात चार पिढ्या लाल झेंडा. बापाच्या मयतीला सगळे चर्चमध्ये होते, मी बाहेर भिंतीशी सिगरेट ओढत होतो. बापही तेच करायचा."

"मीही मानत नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय? तुमच्याकडे दुसरं काही आहे का? असलं तर सांगा, मी तेही करते."

त्याने काडतुसं खिशात टाकली. मग शिंगवाल्याला म्हणाला, "थांबवा रे. डुक्कर कुठे पळून जात नाही."

"तेच तर करतं ते," शिंगवाला म्हणाला. पण त्याने शिंग वाजवलं.

सगळी पलटण गावात आली, कुत्र्यांसकट. मेमे कॅफेतून बाहेर आली. इव्हाँने साखळी काढली. मी पुढे झाले तर त्याने हात आडवा धरला. "तू नाही. मी." आणि तो आत गेला. आम्ही कठड्याबाहेर. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज, मग एक शिवी, मग भिंतीवरून चुन्याचा ढिगारा घसरल्यासारखं काहीतरी. शिंगवाल्याने टोपी काढली. मेमे माझ्या दंडात नखं रुतवून उभी होती.

इव्हाँ बाहेर आला तेव्हा खांद्यापासून बुटांपर्यंत पांढरा झाला होता. दोन्ही हातांत संत. लाकडाचा, तीन वर्षांच्या पोराएवढा, किड्यांनी पोखरलेला. झोपलेल्या मुलाला धरावं तसं त्याने त्याचं डोकं कोपराच्या घडीत ठेवलं होतं.

"नाक आधीपासूनच नव्हतं," तो म्हणाला. "माझ्यावर घालू नका."

मेमेने झबलं संताच्या तोंडावर ठेवलं, मग छातीवर, मग पायांवर. यावेळी ती त्याला रागावली नाही. म्हणाली, "सोड रे बाबा. सोड तिला. झालं ना आता, आलो ना आम्ही." हे ती तीनदा म्हणाली, आणि प्रत्येक वेळी आवाज बारीक होत गेला.

मुर्तेझ खड्ड्यात वसलंय, तिथे फोन लागत नाही. कॅफेवालीने ब्रेड दिला तो मेमेने पदरात बांधल्यासारखा कोटाच्या खिशात घातला. "पोरीच्या अंगात झबलं गेलं की खाईन." आम्ही निघालो. नागमोडी चढ, मग पाण्याच्या टाकीजवळ माळ लागतो. तिथे माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. एक सूचना, दुसरी, तिसरी. सगळ्या कोरालीच्या.

मी गाडी बाजूला घेतली. नंबर दोनदा चुकला.

"आई, कुठे होतीस?"

"तिन्ही झाले गं. तिसरा आत्ताच. आम्ही निघालोय, तासाभरात..."

"आई." मागे हॉस्पिटलातली कुठलीतरी ढकलगाडी गेल्याचा आवाज. "मी तिचा पाय धरून होते. दुसऱ्या पायाला सुई होती, म्हणून हाच. हा गरम होता. मला वाटलं, गरम आहे म्हणजे..."

मी काहीतरी म्हणाले असेन. काय, ते आठवत नाही.

"इथल्या बाई विचारतायत, अंगात काय घालायचं," कोराली म्हणाली. तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा सपाट झाला होता. "माझ्याकडे हॉस्पिटलचाच कपडा आहे, मागून नाड्यांचा. त्यात तिला ठेवू नका म्हटलं. ते बदकाचं झबलं आण. आणशील ना?"

"आणते."

"मेमेला सांग... नको, काही सांगू नकोस. तूच बघ."

फोन बंद झाला. समोरच्या काचेवर बारीक धुकं बसत होतं. मेमे सरळ पुढे बघत होती.

"तोंड फिरवू नकोस," ती म्हणाली. "सांग."

मी सांगितलं.

तिने मान हलवली, एकदाच. माझा हात धरला नाही, संतांना काही म्हणाली नाही. मांडीवरचं झबलं उचललं, दोन बोटांत दाबून बघितलं. झऱ्याचं पाणी अजून होतं त्यात, पाठीकडून तर थेंब सुटला.

"ओलं आहे," ती म्हणाली. "गार. असं कसं घालायचं तिला?"

"मेमे..."

"हीटर लाव, गिलेन. पूर्ण लाव."

मी हीटर लावला. गाडी काढली. मेमेने झबलं दोन्ही हातांनी ताणून हवेच्या जाळीपुढे धरलं, बदकाची बाजू, मग पाठीची बाजू, मग एकेक बाही आतून बाहेर करून. तिचे खांदे भरून आले तरी हात खाली घेईना. लिमोझपर्यंतचा सगळा रस्ता ती ते धरून होती आणि मधूनमधून गालाला लावून बघत होती, सुकलं का ते.