वाइंडिंग खात्यातल्या बावीस जणी

मित्रांनो, पंख्याच्या मोटरसाठी तांब्याची तार गुंडाळणारं मी एक जुनं यंत्र आहे. १९८१ साली मला अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात बसवलं. आमच्या वाइंडिंग खात्यात बावीस बायका होत्या. माझ्यावर बसायची मोरिवलीची गोजरबाई. तारेला किती ताण द्यायचा, ते तिला नुसत्या स्पर्शानं कळे. आमचे पंखे वर्षानुवर्षं चालत. दुकानदार नंबर लावून माल नेत.

१९९३ साली एका मोठ्या कंपनीनं आमची कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. बायका घाबरल्या. तेव्हा हिशेबखात्याचे श्यामकांत साहेब खाली आले. दोन्ही कंपन्या एक झाल्या की खर्च कमी होईल, नफा वाढेल आणि कुणाचीच नोकरी जाणार नाही, असं त्यांनी समजावलं. वरून त्यांना तसंच सांगितलं होतं आणि त्यांचा त्यावर विश्वास होता. गोजरबाईचा त्यांच्यावर होता. तिनं घरोघरी जाऊन एकेकीला संमतीच्या कागदावर सही करायला राजी केलं.

सहा महिन्यांत वाइंडिंग खातं बंद झालं. तार गुंडाळलेली तयार कॉइल बाहेर स्वस्त मिळत होती. बावीस जणींना घरी पाठवलं. त्या वर्षी नफा दीडपट झाला, ऑफिसात पेढे वाटले गेले.

शेवटच्या दिवशी श्यामकांत साहेब माझ्यापाशी मान खाली घालून उभे राहिले.

गोजरबाई शांतपणे म्हणाली, “साहेब, तुमी सांगितलं म्हनून मी सगल्यांना सया करायला लावल्या.”



पुढच्या दोन उन्हाळ्यांत स्वस्त कॉइल जळू लागल्या. परत आलेल्या पंख्यांनी गोदाम भरलं, दुकानदार तुटले. वाढलेला नफा म्हणजे त्या बायकांचा वाचवलेला पगारच होता, हे तोटा झाल्यावर मालकांना उमगलं. माझ्यावरची धूळ झटकली गेली. श्यामकांत साहेब स्वतः गोजरबाईला आणायला गेले. बाकीच्या जणी केव्हाच पांगल्या होत्या; ती खदानीत खडी फोडत होती.

ती आली. माझ्यावर हात फिरवून बसली. तार ओवली, मला सुरू केलं. तार तुटली. तिनं पुन्हा ओवली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदाही तेच झालं.

तिनं आपले घट्टे पडलेले तळवे पाहिले. “बोटांना आता तार कलत नाय, साहेब,” ती म्हणाली आणि पदर सावरून उठली. श्यामकांत साहेब तिच्या रिकाम्या स्टुलावर बसून रडले.

वर्षभरात कारखान्याला टाळं लागलं. मी आतच गंजत पडून आहे. मी लोखंडाचं, माझं एवढं काही नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी कंपन्या चालवील, कंपन्या विकत घेईल. तेव्हा कागदावर सही करण्याआधी एकदा खाली या. यंत्रावर कोण बसलं आहे, ते नीट पाहा. त्यांचे हात जपा.