उत्तर पुसलेला वरवंटा

मोनालीच्या लेकीच्या बारशाला कशाचीही कमी नव्हती. भाड्याचा पाळणा आला होता, सोसायटीचा हॉल मिळाला होता, घुगऱ्या भिजल्या होत्या आणि सासरची टेम्पोभर माणसं दिघ्याहून निघालीही होती. नव्हता तो फक्त वरवंटा. आणि वरवंट्यावाचून बारसं हे मोनालीच्या आईच्या, बाळाबाईंच्या, बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं.

टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून बायकांनी हातोहात फिरवायचा, त्याला गोपाळ म्हणायचं, मग बाळाशेजारी निजवायचा, म्हणजे लेकरू दगडासारखं टणक निघतं. बाळाबाईंच्या माहेरी हे चालत आलेलं, सासरीही चालत आलेलं, आणि उलव्यात अकराव्या मजल्यावर येऊन अडलेलं. अख्ख्या विंगमध्ये घरोघरी मिक्सर. समोरच्या बाईंनी मोठ्या मनानं लाटणं देऊ केलं.

"लाटनं?" बाळाबाई कडाडल्या. "पोरीनं जन्मभर पोळ्याच लाटाव्या म्हन्ता का?"

घरचा पाटा-वरवंटा कोरेगावजवळच्या गावी, मोरीच्या कडेला पडलेला होता. इकडे बिऱ्हाड हलवताना बाळाबाईंनी तो टेम्पोत घालायला काढला, तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, मानसिंगरावांनी, हात वर केले होते. मानसिंगराव वाशीच्या बाजारातले माथाडी. "जन्मभर लोकांची पोती वाह्यली, आता तुझे धोंडे वाहू?" हे त्यांचे शब्द. ही गोष्ट जुनी झाली, पण बाळाबाईंच्या लेखी कालचीच होती.

अशा अडचणीत त्यांची नजर धाकट्या लेकीच्या पलंगाखाली गेली. तेजश्री दगडांवर संशोधन करत होती. म्हणजे नेमकं काय करते, हे सोसायटीत विचारलं तर बाळाबाई "सायंटिस हाय" एवढंच सांगून विषय बदलत. मागच्या हिवाळ्यात ती अंदमानाकडच्या कुठल्याशा बेटावर जाऊन आली आणि येताना दगडांची पेटी घेऊन आली. मानसिंगरावांनी ती अकरा मजले लिफ्टनं वर आणली, तरी कुरकुरले.

पेटीत काय आहे ते तेजश्रीनं घरात समजावून सांगितलं होतं. ज्वालामुखीचा रस थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून गोठतात. जन्म विषुववृत्तावर झाला असेल तर ते आडवे निजतात, लांब झाला असेल तर कलतात. त्या कलावरून दगड कुठे जन्मला ते कळतं, दुसऱ्या तपासणीनं त्याचं वय कळतं, आणि दोन्ही जोडलं की बेट कुठून कुठे सरकत आलं ते निघतं.

"बेट चालतं?" मानसिंगरावांनी विचारलं होतं.

"चालतं, अण्णा. वर्षाला बोटभर. पण दगड कातळातून सोडवायच्या आधी त्याच्यावर बाण काढावा लागतो, तो तिथे कसा बसला होता त्याचा. बाण गेला की सगळं गेलं."

"खोक्यावर 'ही बाजू वर' असतंय तसं," मानसिंगराव म्हणाले, आणि आपल्याला विज्ञान समजल्याच्या आनंदात त्यांनी लाडू उचलला. बाळाबाई तेव्हा मोनालीसाठी डिंक तळत होत्या. डिंक तळताना माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. त्यांच्या कानात फक्त 'बेट चालतं' एवढं शिरलं, आणि तेही त्यांना खरं वाटलं नाही.

तर पेटी उघडली. बाकीचे दगड बोटाएवढे, पण कापडात गुंडाळलेला एक चांगला मनगटाएवढा जाड, वीतभर लांब, यंत्रानं गोल कातलेला, काळाभोर. वरवंट्याचं पोरच! बाळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बेटावरच्या सगळ्यात खालच्या थरातला तो एकमेव तुकडा होता. ओहोटीला उघडा पडणाऱ्या कातळातून काढताना यंत्राचं पातं मोडलं होतं, आणि त्याच्यासाठी प्रयोगशाळेत सोमवारची पाळी मिळायला तेजश्रीनं महिनोन् महिने वाट पाहिली होती. पण हे दगडावर लिहिलेलं नव्हतं. दगडावर एक बाण होता आणि त्याच्या टोकाशी तेजश्रीच्या अक्षरात एकच शब्द: उत्तर.

बाळाबाई चौथी शिकलेल्या. उत्तर म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रश्नाखाली लिहितात ते. 'आता उत्तर काय, वहीतबी लिवलं असंल की,' त्या मनाशी म्हणाल्या, आणि तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर घेऊन त्यांनी ते उत्तर असं घासून काढलं की दगड आरशासारखा झाला. मग हळदकुंकू लावलं, टोपडं चढवलं, दुपट्यात गुंडाळलं. तेजश्री वाशीला फुलं आणायला गेली होती, ती थेट हॉलवरच येणार होती.

बारसं रंगात आलं. गोपाळ पाळण्याखालून गेला, वरून आला, खालून गेला. मोनालीची नणंद राजेश्वरी, म्हणजे बाळाची आत्या, एका बाजूला आणि मावशी म्हणून तेजश्री दुसऱ्या बाजूला. दुपटं तिच्या हातात आलं आणि ती थबकली. ते वजन तिनं बेटावरून होडीत, होडीतून बोटीत, बोटीतून विमानतळापर्यंत छातीशी धरून आणलं होतं. तिनं टोपडं वर केलं.

"आई!" तेजश्री अशी किंचाळली की बाळानं रडायचं सोडून तिच्याकडे पाहिलं.

"अहो, द्या ना इकडे, थांबवायचं नसतं," राजेश्वरी हात पुढे करून म्हणाली.

"नाही देणार! माझा आहे तो!"

"असा कसा तुमचा? आमच्या बाळाचा मान आहे!"

राजेश्वरीनं दुपटं ओढलं, तेजश्रीनं टोपडं. पाळणा हलू लागला. दिघ्याच्या बायकांना वाटलं, उलव्याकडे अशीच पद्धत असेल, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी मानसिंगरावांनी मध्ये पडून दगड पाळण्यात ठेवला, आत्यानं बाळाच्या कानात 'वैष्णवी' म्हटलं आणि पेढे वाटले गेले. तेजश्री मात्र पेढा न घेता पाळण्यापाशी राखणीला बसून राहिली.

पाहुणे गेल्यावर घरात ती रडली. तिची तीन वर्षं त्या दगडात होती. बेटाचा प्रवास जिथून सुरू होतो ते टोकच त्याच्यात होतं, आणि आता तो दगड पाट्यावर वाटायच्याच कामाचा उरला होता.

"उत्तर पुसलंस तू," मानसिंगराव बायकोला म्हणाले.

"मला काय ठावं, उत्तर म्हंजी दिशा हाय!" बाळाबाईंचा आवाज फुटला. लेकीचं वाटोळं आपल्या हातून झालं, तेही घासणीनं, हे त्यांना सोसवेना. "पर तेजे, कुंकू बग की. मी बाणाच्या जागंवरच लावलंय. तो बाण मला नाकासारखा दिसला. घासून झाल्याझाल्या अंगठा ठिवला हुता तिथं. नाक पुसलं म्हनून तोंड काय दुसरीकडं जातं व्हय?"

"आई, अंदाज चालत नाही यात."

तरी तिनं भिंग काढलं. मऊ कापडानं कुंकू हलकेच टिपत गेली, आणि टिपता टिपता तिचा हात थांबला. सगळं कुंकू निघालं, एक केसासारखी लाल रेघ निघेना. बेटावर शाईच्या आधी तिनं तारेनं ओरखडा काढला होता. घासणीनं शाई नेली, ओरखडा राहिला, आणि त्या ओरखड्यात बाळाबाईंचं कुंकू जाऊन बसलं होतं. वरचं टोक कोणतं तेही कळत होतं, कारण तेवढंच लाटांनी झिजलेलं होतं.

"आई, या कुंकवात लोखंड-बिखंड नाही ना?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"हळद आन् चुना. घरचं हाय," बाळाबाई अपमान झाल्यासारख्या म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी तेजश्री उड्या मारतच घरी आली. दगडाचे कण त्याच्या वरच्या थरातल्या दगडांशी जुळले होते, म्हणजे कुंकवाची रेघ खरी निघाली होती. तो जन्मला तेव्हा ते बेट विषुववृत्ताच्या पार खाली, दक्षिणेला होतं.

"कळलं कसं?" मानसिंगराव म्हणाले.

"तापवायचा, अण्णा. थोडं तापवलं की अलीकडची आठवण जाते, आणखी तापवलं की त्याच्या आधीची. सगळ्यात शेवटी जन्माच्या जागेची उरते. ती सहजासहजी जात नाही."

बाळाबाईंनी मिक्सरचं भांडं घासायला घेतलं आणि त्या ते घासतच राहिल्या. ते पाहून मानसिंगरावांना मोरीच्या कडेचा वरवंटा आठवला आणि चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता एसटीनं गावी गेले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी खांद्यावर पोतं घेऊन दारात उभे राहिले. पोत्यात वरवंटा होता. पाटा मागाहून येणार होता.

बाळाबाईंनी तो मांडीवर घेतला, त्याच्यावरून हात फिरवला, सगळ्या अंगानं फिरवून पाहिला.

"हितं बाण कुटाय?"

"कसला बाण?"

"उचलायच्या आधी बाण काडला न्हाई? कुटं तोंड करून पडला हुता ह्यो तितं?"

"अगं, वरवंटा हाय तो! लोळतो!" मानसिंगराव म्हणाले.

तेजश्री हसायला लागली. बाळाबाईही हसल्या, पण मध्येच थांबल्या आणि लेकीपुढे मनगट धरलं. "तेजे, माझ्यावर बी एक काडून ठिव. मला उचलून आनलं तवा कुनी काडला न्हवता."

तेजश्रीनं होकायंत्र आणलं, कोरेगाव कोणत्या अंगाला येतं ते पाहिलं, आणि आईच्या मनगटावर पक्क्या शाईनं आग्नेयेकडे एक बाण काढला. बाळाबाईंनी त्याच्यावर फुंकर घातली. त्या दिवशी घरातली सगळी भांडी मानसिंगरावांनी घासली.