हजाराला पस्तीस कमी

अकरा वर्षं एकाच इमारतीत समोरासमोर राहूनही कोर्बिनियान हासलिंगर शेजारणीला “फ्राउ एडर, तुम्ही”, म्हणजे “एडरबाई, तुम्ही” असंच म्हणत. जर्मन रीतीप्रमाणे “आता मला तू म्हण” हे बाईनं सांगायचं असतं. त्यातून त्या तीन वर्षांनी मोठ्या. तेव्हा हासलिंगरांच्या हातात काही नव्हतं. वाट बघता बघता ते एकोणसत्तरचे झाले.

म्हणून त्यांनी बससहलीत दोघांची नावं घातली. डोंगरात हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना तू म्हणतात. तिथे कुणाची परवानगी लागत नाही. बस थांबल्यावर त्यांनी झेप नावाच्या ड्रायव्हरला हळूच विचारलं, “राजाचा गड हजाराच्या वर आहे ना रे?”

“असेल की! कुणाशी अगं-तुगं करायचंय, आजोबा?”

गडावर नेणारी घोडागाडी चढाला लागली, तसं शेजारी बसलेल्या फ्राउ एडरसाठी हासलिंगरांनी मनात वाक्य घोळवलं. वाल्बुर्गा, तुला थंडी वाजतेय का? वाक्य चांगलं होतं. थंडी मात्र नव्हती.

पाटीवर त्यांच्या गटाचा नंबर लागला, फाटक उघडलं, चाळीस माणसं आत गेली. पोरगेली गाइड भराभर बोलत होती, कारण पुढचा गट पाच मिनिटांवर होता. सिंहासनाच्या दालनात सिंहासन नव्हतंच. ते घडायच्या आत राजा गेला.

“आणि खिडकीतून बघा,” ती म्हणाली, “आपण नऊशे पासष्ट मीटरवर आहोत.”

हासलिंगरांनी छताकडे पाहिलं.

“मनोऱ्यावर जाता येतं का हो?”

“नाही.”

“नुसतं पस्तीस मीटर?”

“आजोबा, बंद म्हणजे बंद. चला.”

सगळे पुढच्या दालनात सरकले. फ्राउ एडर तेवढ्या मागे, फरशीतल्या नक्षीचं एक हरिण वाकून बघत. गाइडनं दाराला हात घातला.

“अगं वाल्बुर्गा, चल ना! दार लावतायत!”

सगळ्यांच्या माना वळल्या. मागून कुणीतरी खुदकन हसलं. फ्राउ एडर सरळ झाल्या, पर्स खांद्यावर घेतली, सावकाश चालत आल्या. हासलिंगरांचे कान लाल झाले होते.

“माफ करा, फ्राउ एडर. तुम्ही आत अडकाल असं वाटलं.”

“हं,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

मग राजाचा पलंग झाला, गाण्याचं दालन झालं. हासलिंगरांना त्यातलं काही दिसलं नाही. एका हाकेत अकरा वर्षांची अदब गेली होती. आता जिन्यात भेट झाली तर त्या नुसती मान हलवतील, कदाचित तेवढीही नाही.

परतीचा जिना गोल आणि गुळगुळीत होता. फ्राउ एडर वरच्या पायरीवर थांबल्या. मागचे लोकही थांबले.

“कोर्बिनियान, हात दे.”

त्यांनी दिला. “सांभाळून उतरा,” सवयीनं तोंडातून गेलं.

“उतर,” फ्राउ एडरनी दुरुस्त केलं, आणि उतरू लागल्या.