टिलबरीचा कोपरा

आर्डिसने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि ‘ब्रॅनिगन’ लिहिलेला कागद बास्केटबॉलच्या खांबावर दाबून बसवला. शाळेच्या व्यायामशाळेत माणसं बुटांवरचा बर्फ झटकत येत होती. अमेरिकेतल्या या आयोवा राज्यात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार गुपचूप चिठ्ठी टाकून निवडायचा नसतो. आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात, सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत उभं राहायचं असतं.

“काय गं आर्डिस, तुमचे सिनेटर ब्रॅनिगन काल स्वतःच्याच भाषणात पेंगत होते म्हणे?” समोरच्या, मेयरबाईंच्या कोपऱ्यातून व्हर्नाने विचारलं.

“पेंगणारा परवडला,” आर्डिसच्या बाजूचा ग्लेन म्हणाला. “तुमच्या मेयरबाईंचा नवरा जागा असला की नवा खटला उभा राहतो.”

व्हर्नासकट सगळे हसले. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या ग्लेनला ही उत्तरं आर्डिसनेच पढवली होती. ती ब्रॅनिगनच्या गटाची प्रमुख. थंडीभर तिच्या स्वयंपाकघरात कॉफी उकळत राहिली आणि कोणाची बाजू कुठे लंगडी, कोणाची जास्त लंगडी, याची उजळणी होत राहिली. ब्रॅनिगनचं वय झालेलं. मेयरबाईंना नवरा नडणार. आणि गव्हर्नर टिलबरी तरुणपणी मनोरुग्णालयात राहून आलेला. हे त्याने आपणहून सांगून टाकलेलं.

“टिलबरीवर टीका करायची नाही,” ती शिकवायची. “हळहळायचं. म्हणायचं, माणूस सोन्यासारखा आहे हो, पण इस्पितळात राहून आलेल्याच्या हाती देश कोण देईल?”

एवढं वाक्य ती आवाज खाली आणून म्हणायची. कारण वरच्या खोलीत टॉड होता. तिचा मुलगा. पानं गळायच्या दिवसांत ती त्याला तसल्याच एका इस्पितळातून घरी घेऊन आली होती. गावाला सांगितलं होतं की मिनियापोलिसची नोकरी सुटली. तेव्हापासून तो जिना उतरायचा तो जेवायला, आणि सकाळी तिच्या तळहातावरच्या गोळ्या घ्यायला.

दार पुन्हा उघडलं, गार वारा आत आला, आणि वाऱ्यामागून टॉड आला.

दाढी केलेली. अंगात वडिलांचा कोट, खांद्यांवरून ओघळणारा. आर्डिसचा हात आपोआप वर झाला. त्याने तो पाहिला, मान हलवली, आणि गुणफलकाखाली जाऊन उभा राहिला. तिथे संगीताच्या ऑस्बी बाई होत्या, टिलबरीची आणखी थोडी माणसं होती. बाईंनी सरकून त्याला जागा दिली. बाई काहीतरी बोलल्या, आणि टॉड हसला. ते हसू आर्डिसने इतक्या दिवसांनी पाहिलं की काही क्षण ओळखलंच नाही.

मोजणी झाली. सभा चालवणारा ग्रंथपाल लेनर्ड टेबलामागे उभा राहिला.

“टिलबरीचा गट किमान आकड्याला एका माणसाने कमी पडतोय. अजून कुठल्याच गटात नसलेला एक तरी मिळवा, नाहीतर गट मोडा आणि दुसरीकडे जा. बाकीच्या गटांचा आकडा भरलाय. त्यांच्यातल्या कोणी आता गट बदलायचा नाही.”

आर्डिस टेबलापाशी गेली. “लेनर्ड, मी पलीकडे गेले तर?”

लेनर्डला ती थट्टा वाटली. “तुझी मोजणी झाली, सहीसुद्धा झाली. हा नियम मला तूच समजावलास ना गं?”

ती वळली तेव्हा ग्लेन गुणफलकाखाली पोचला होता. त्याने टॉडच्या पाठीवर हात ठेवला.

“किती दिवसांनी रे, पोरा. हे बघ, माणूस सोन्यासारखा आहे हो—”

“ग्लेन,” आर्डिस म्हणाली. “राहू दे त्याला.”

“अगं, येईल तो. थांब जरा.” मग आवाज खाली आणून, अगदी तिच्यासारखाच, त्याने उरलेलं वाक्य म्हटलं. ग्लेनच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला काही ठाऊकच नव्हतं. शिकवलेलं तेवढं तो चोख म्हणत होता, चेहऱ्यावर हळहळ आणून.

टॉडने ग्लेनच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिने तो पदरात घेतला असता. रोज सकाळी गोळ्या घेताना तो पाहायचा, तसा पाहत होता.

तो निघाला. ऑस्बी बाईंनी त्याची बाही धरली, मग सोडली. मधली पिवळी रेघ ओलांडून तो आर्डिसच्या रांगेच्या टोकाशी येऊन उभा राहिला.

“टॉड, तू तिथेच थांबायचं होतंस.”

“ग्लेन म्हणतो ते खरंच आहे,” तो म्हणाला. “मला तर पाठ झालंय. वर सगळं ऐकू यायचं, आई.”

“गटप्रमुखांनी मोजून घ्या,” लेनर्डने हाक दिली.

एकेका खांद्याला हात लावत, आकडा मोठ्याने म्हणत आर्डिस निघाली. लोकरी खांदे, कातडी खांदे, बर्फाने ओले झालेले खांदे. शेवटी नवऱ्याचा कोट आला. हात तिथे टेकला, आणि आकडा काही तोंडातून फुटेना.

“अगं, मोज की,” ग्लेन म्हणाला. “तुझाच आहे.”

“सत्तेचाळीस,” टॉडच हळूच म्हणाला. “पुढे चल, आई.”

पुढे रांगेत कोणी नव्हतं.