निघोज्याचा घाट सगळ्यांना सारखा

चाचणी फेरीचा निकाल निघोज्याच्या पारावर वाचून दाखवला तेव्हा गोरक्ष पहिला आला होता आणि कोणाचीही तक्रार नव्हती. शंका आली ती एकट्या आरफाला, आणि गेम तिनेच बनवलेला होता.

गेम बैलगाडा शर्यतीचा. आरफा तळवड्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर. तिचे वडील मोईज चाकणला ट्रॅक्टर दुरुस्त करतात, त्यामुळे निघोज्याचे गाडामालक तिला लहानपणापासून ओळखत. इथल्या घाटात गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा चढावर एकटा सुटतो आणि घड्याळ निकाल देतं. अशा एका धावेला बारी म्हणतात. गेममध्येही तेच. मोबाइल उभा धरायचा, बोटाने बैल वळवायचे, समोरून येणारे खड्डे चुकवायचे.

यात्रेच्या संध्याकाळी मोठ्या पडद्यासमोर गेमची स्पर्धा ठेवायला कमिटी तयार झाली होती. अध्यक्ष तात्याबांनी एकच अट घातली होती. "वशिल्याचा घाट नको. एक जरी हरकत खरी निघाली, तर मी स्वतः माइकवरून खेळ बंद म्हणून सांगीन." तसं झालं असतं तर आजूबाजूच्या एकाही गावाने हा गेम यात्रेत घेतला नसता.

आरफाने निकाल पुन्हा मांडला, या वेळी मोबाइलच्या मॉडेलप्रमाणे. लांबट स्क्रीनचे नवे फोन वर होते. जुने, आखूड फोन मध्ये. टॅबलेटवाले सगळे तळाला.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तिला ज्या कामाचं सर्वांत जास्त कौतुक होतं, तेच आडवं आलं होतं. स्क्रीन कोणत्याही मापाचा असो, गेम आपोआप कडेपर्यंत पसरायचा. पण लांब स्क्रीनवर पसरताना तो पुढचा घाट जास्त दाखवत होता. गोरक्षला जो खड्डा लवकर दिसायचा, तो टॅबलेटवाल्याला अगदी चाकाखाली आल्यावर दिसायचा.

"कोणी काही बोललंय का?" कंपनीच्या मालकीण सायली यांनी विचारलं.

"नाही. बोलणार कसे? प्रत्येकाला आपलाच स्क्रीन दिसतो."

"मग सगळ्यांना एकाच मापाचा घाट दे आणि उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या टाक. आजच संपेल काम."

पट्ट्या टाकून आरफा निघोज्याला गेली आणि पारावर जमलेल्यांना तिने झाला प्रकार सांगितला. पहिली शिफ्ट संपवून गोरक्ष कंपनीच्या बसमधून नुकताच उतरला होता, अंगावर अजून गणवेश होता.

"म्हणजे माझा नंबर मोबाइलनं काढला?"

"मोबाइलने मदत केली, गोरक्षभाऊ."

"राव, तुझा बैल चार्जिंगवर पळाला म्हणायचा!" मागून कोणीतरी ओरडलं आणि पारावरचे सगळे हसू लागले. गोरक्षचा चेहरा उतरला. त्याची बायको अनिता मुलांच्या अभ्यासाच्या टॅबलेटवर खेळली होती आणि शेवटून दुसरी आली होती. ती म्हणाली, "मी घरी सांगत होते तुम्हाला, माझं बोट बरोबर आहे म्हणून."

तात्याबांनी टॅबलेट हातात घेऊन लांब धरला. "घाटाच्या दोनी अंगाला ह्यो अंधार कशाचा?"

"उरलेली जागा आहे, तात्याबा."

"आन माणसं?"

"माणसं घातली नाहीत. खेळायला लागत नाहीत."

"लागत न्हाईत?" तात्याबा हसले. "मोईजची पोर तू, घाटावर वाढलीस. माणसंच न्हाईत तर बारी कुणाला दाखवायची?"

आरफा परत आली ती एक गोष्ट ठरवून. खेळायचा घाट सगळ्यांना एकाच मापाचा राहील. उरलेली जागा मात्र काळी ठेवायची नाही, तिथे यात्रा भरवायची. गेम सुरू होताच स्क्रीनचं माप घेईल. स्क्रीन रुंद असेल तर घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतील, जितका रुंद तितकी गर्दी दाट. उंच असेल तर वरच्या बाजूला निवेदकाचा मंडप येईल आणि खाली ढोलवाले. पुढचा खड्डा मात्र कोणालाही आधी दिसणार नाही. गर्दीसाठी तिने निघोज्यातल्याच माणसांचे फोटो घेतले. तात्याबांनी आपला फोटो फेटा बांधूनच काढून दिला.

यात्रेच्या संध्याकाळी स्पर्धा सुरू होण्याआधीच गोरक्षने निवेदकाच्या हातून माइक घेतला. "माझी हरकत आहे. सारखा घाट, सारखा घाट ऐकतोय. मला दाखवा."

तात्याबांनी आरफाकडे पाहिलं.

"तुमचा फोन वहिनींना द्या," आरफा म्हणाली, "आणि त्यांचा टॅबलेट तुम्ही घ्या. मग परत अदलाबदल करा. चारही बाऱ्या सगळ्यांसमोर होऊ देत."

बाऱ्या झाल्या. गोरक्षची वेळ फोनवर जवळपास तीच आली, जी टॅबलेटवर आली होती. अनिताचंही तसंच. फरक होता तो दोघांत, आणि तो दोन्ही वेळा अनिताच्या बाजूने होता.

गोरक्षने माइक तोंडाशी नेला. "हरकत मागे घेतो. घाट सारखाच आहे. बायको भारी आहे."

शिट्ट्या थांबल्यावर स्पर्धा झाली. शेवटची बारी अनिताची, आणि ती मंचामागच्या एलईडी पडद्यावर होती. हा पडदा ट्रकएवढा आडवा होता आणि असल्या मापावर गेम याआधी कधी चालला नव्हता. मधोमध घाट उभा राहिला, फोनवर दिसतो तेवढाच, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पडद्याच्या टोकापर्यंत अख्खं निघोजे उभं राहिलं. लोक खुर्च्यांवरून उठून स्वतःला शोधू लागले.

अनिता पहिली आली. गोरक्ष चौथा. आजवर या घाटावर गाडा पुकारला जायचा तो पुरुषाच्या नावाने. निवेदकाने सवयीने "गोरक्ष" म्हणून सुरुवात केली, थांबला, आणि "गाडामालक अनिताताई" असं दोनदा पुकारलं. सर्वांत मोठी शिट्टी गोरक्षची होती.

कमिटीकडे मानाचे फेटे गाडामालकांपुरतेच होते. तात्याबांनी त्यातला एक उचलला, आरफाला मंचावर बोलावलं आणि तिच्या डोक्यावरची ओढणी पाहून अडखळले.

"ओढणीवरच बांधा, तात्याबा," आरफा म्हणाली.

त्यांनी बांधला, घट्ट. मग माइक मागून घेतला.

"घाट आमचा हाय," ते म्हणाले, "पर समद्यांना सारका केला तो या पोरीनं. आता कुनाची हरकत?"

कोणाचीच नव्हती.