फडकं पिवळंच राहिलं

सोसायटीच्या सभागृहात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावर सभा बोलावली की तिथे अध्यक्ष, सचिव आणि छताचा पंखा एवढेच हजर असतात. त्या दिवशी मात्र लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते, दारात चपलांचा ढीग पडला होता आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला ताणलेल्या होत्या. समोर फरशीवर मांडी ठोकून अत्तरबाबा बसले होते. त्यांच्या हातात एक ओलं, पिवळंधमक फडकं होतं.

"वास म्हणजे श्वास, श्वास म्हणजे विश्वास!" बाबा घुमले. "डॉक्टर तुमची छाती तपासतो. पण छातीत हवा येते कुठून? घरातून! मग घर कोण तपासणार?"

"तुम्ही, बाबा!"

बाबांनी डोळे मिटले, फडकं फरशीवर सावकाश फिरवलं आणि झटक्यात उलटं करून दाखवलं. फडकं लालभडक झालं होतं. सभागृहाने एकदम श्वास आत ओढला.

"हा या वास्तूचा दोष. किती वर्षांचा साचलाय बघा!" मग बाबांनी एक सुगंधी बाटली काढली, 'प्राणजल' म्हणून तिचा जयजयकार केला आणि चार थेंब फडक्यावर टाकले. जिथे थेंब पडले तिथली लाली विरघळली आणि फडकं पुन्हा पिवळं झालं. सभागृहभर लिंबाफुलांचा घमघमाट सुटला. पुढच्या रांगेतल्या एक आजी हुंदके देऊ लागल्या.

मी सगळ्यांत मागे, हाताची घडी घालून उभा होतो. बुद्धिवादी माणसाने कसं उभं राहावं याचा मला चांगला सराव आहे.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी दातांचा डॉक्टर. समोरच्या गल्लीत माझा दवाखाना आहे. सोसायटीत मात्र मी नुसताच 'डॉक्टर' आहे, आणि मला ते आवडतं. सर्दीपासून संधिवातापर्यंत कशावरही मत विचारलं तर मी देतो. दर वर्षी 'विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन' या विषयावर याच सभागृहात माझं भाषण होतं. ऐकायला पंखा असतो.

आणि त्या वर्षी माझ्या विज्ञाननिष्ठेला एक नवं अंग फुटलं होतं. मी घरच्या घरी फरशी पुसायचं नैसर्गिक सुगंधी पाणी करू लागलो होतो. दुकानातल्या फिनेलच्या वासाने बायकोला शिंका यायच्या, म्हणून मी ही मोहीम हाती घेतली. पहिल्या खेपेला संत्र्याच्या साली साखरेच्या पाण्यात आंबवल्या. बाटलीचं झाकण छताला जाऊन आदळलं. जे उरलं त्याने फरशी पुसली, तर तिन्ही खोल्यांत मुंग्यांनी संमेलन भरवलं. मग मी साखर सोडून व्हिनेगर धरलं. साली व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायच्या, दोनेक आठवड्यांनी गाळायचं, पाणी घालून वापरायचं. हे जमलं. त्या भरात मी स्वयंपाकघरातला संगमरवरी ओटाही त्यानेच पुसला आणि त्याची चकाकी कायमची घालवली, पण तेवढं चालायचंच. बायको काही बोलली नाही. मी फरशी पुसायला घेतली की ती शांतपणे खिडक्या उघडायची. ते कौतुक आहे अशी माझी समजूत होती.

तर सभागृहात बाबांनी जाहीर केलं की ते आता घरोघरी येतील. अट एकच. सकाळी घर कपड्यांच्या पावडरीने स्वच्छ धुऊन ठेवायचं. "पाहुण्याच्या आधी पावित्र्य!"

माझी घडी सुटली. "माझ्या घरी या," मी मागून ओरडलो. "पण मी पावडरबिवडर वापरणार नाही. माझ्या स्वतःच्या पाण्याने पुसेन. बघू तुमचा दोष कुठे सापडतो!"

लोक वळून बघू लागले. बाबा हसले. "येतो, डॉक्टर. विरोधक हाच खरा भक्त."

पुढच्या चार दिवसांत बाबांनी घरामागून घर घेतलं आणि प्रत्येक घरात फडकं लाल झालं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या घरी तर इतकं लाल झालं की त्या मटकन खालीच बसल्या. त्यांच्या मुलीला लहानपणापासून दमा. कॉलेजात जाणारी ही मुलगी इतकं आणि इतकं भरभर बोलायची, की सगळी सोसायटी तिला 'रेडिओ' म्हणायची. फाटकाशी भेटली की जिना येईपर्यंत तिच्या मैत्रिणींचं, प्राध्यापकांचं आणि बसच्या कंडक्टरचं बातमीपत्र पूर्ण व्हायचं. मध्येच थांबून पंपाचा झुरका घ्यायची आणि "तर काय सांगत होते, काका," म्हणून पुन्हा सुरू.

मग बाबा माझ्याकडे आले. मागून अर्धी सोसायटी. सकाळीच मी संत्र्याच्या पाण्याने फरशी पुसून ठेवली होती. बाबांनी फडकं फिरवलं. उलटं केलं.

पिवळं.

पुन्हा फिरवलं, कोपऱ्यात घासलं, पलंगाखाली घातलं. फडकं पिवळंच राहिलं. माझ्या छातीत नगारा वाजू लागला. जिंकलो! आता हा माणूस तोंडघशी पडणार.

बाबा क्षणभर थबकले. आणि मग त्यांनी चक्क वाकून माझ्या पायांना हात लावला.

"सिद्ध!" ते लोकांकडे वळून म्हणाले. "ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, असा सिद्ध पुरुष! याच्या हातच्या पाण्यात प्राण आहे. मी दोष काढतो, याच्या घरात दोष शिरतच नाही!"

आणि ते पिवळं फडकं त्यांनी उपरण्यासारखं माझ्या खांद्यावर घातलं.

इथे मी काय करायला हवं होतं, ते शाळकरी पोरालाही कळेल. मी विचारायला हवं होतं की असं का झालं. पण आजवर माझ्या भाषणाला पंखा सोडून कुणी मान हलवली नव्हती, आणि आता पन्नास माणसं हात जोडून उभी होती. मी म्हणालो, "तसं काही नाही हो, साधं संत्र्याचं पाणी आहे." पण ते अशा नम्र आवाजात म्हणालो की म्हणण्याचा अर्थ नेमका उलटा व्हावा.

दुसऱ्या दिवसापासून दारावर बाटल्यांची रांग लागली. मी नाही म्हणालो नाही. "पाणी देताना मन शांत ठेवावं लागतं," असंही एकाला म्हणालो. फडकं मी दवाखान्यात, पेशंट बसतात तिथल्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत लावलं. बायकोने ते पाहिलं आणि चष्मा पुसला.

ती शाळेत भाषा शिकवते. तिचं म्हणणं, ती विज्ञानात पडत नाही, कारण घरात एक वैज्ञानिक आहे तेवढा पुरे.

एके दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. दारावर धडाधड थापा पडल्या. शिंपीणबाई. गळ्यातली मोजपट्टी तशीच, बोट खालच्या मजल्याकडे. मी त्यांच्यामागे धावत खाली गेलो, माझ्या मागोमाग बायको.

मुलगी पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. खांदे वर-खाली होत होते. ओठ काळपट पडले होते. माझ्याकडे बघून तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि एकही शब्द बाहेर आला नाही. रेडिओ बंद पडला होता. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. खोलीत प्राणजलाचा वास इतका दाटला होता की माझाच घसा खवखवू लागला.

"पंप कुठाय?"

"बाबांच्या टोपलीत." शिंपीणबाई रडत म्हणाल्या. "सगळ्यांनी टाकले. गोळ्या, पंप... बाबा म्हणाले, जुना आधार सोडल्याशिवाय नवा लागू पडत नाही."

दवाखान्यात अडीअडचणीसाठी मी एक पंप ठेवलेला असतो. मी तसाच अनवाणी धावलो. परत येईपर्यंत बायकोने खिडक्या सताड उघडल्या होत्या, मुलीच्या पाठीशी उशा लावून तिला ताठ बसवलं होतं आणि रुग्णवाहिकेला फोनही केला होता. पंप तोंडाशी धरला. एक झुरका, मग दुसरा. थोड्या वेळाने छातीतली शिट्टी जराशी मऊ झाली. गाडी आली, मुलगी रुग्णालयात पोचली, वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पंप कुणी बंद केला?"

बाहेर बाकावर शिंपीणबाई मला म्हणाल्या, "बाबांवर माझा पूर्ण विश्वास नव्हता हो, डॉक्टर. पण तुमच्या घरी फडकं पिवळं राहिलं. तुम्ही शिकलेले. तुम्ही ते भिंतीवर लावलंत. म्हटलं, डॉक्टर मानतात, म्हणजे असेल काहीतरी."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी खुर्चीत कोसळलो. बायको दवाखान्यातून ती चौकट घेऊन आली, काच बाजूला केली आणि फडकं टेबलावर पसरलं.

"एक वाक्य देते," ती म्हणाली. "'फडकं लाल झालं.' कर्ता कोण?"

"आत्ता व्याकरण?"

"सांगा ना. लाल कोण झालं?"

"फडकं."

"मग सगळे फरशीचा दोष का शोधतायत? फडक्याचं काय, हे कुणी विचारलंय?"

तिने फडकं नाकाशी धरलं. अत्तर आता उडून गेलं होतं. तिने ते माझ्या नाकाशी धरलं आणि माझे कान तापले.

हळद! साधी, स्वयंपाकघरातली हळद.

"तुमच्या शर्टावर आमटी सांडते," बायको म्हणाली, "आणि मी त्या डागाला साबण लावते, तेव्हा काय होतं?"

"लाल होतो." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तिने कपड्यांच्या साबणाची ओली वडी फडक्यावर घासली. लालभडक पट्टा उमटला. मग माझं संत्र्याचं पाणी त्यावर ओतलं. लाली गेली, पिवळं झालं. साबण, सोडा, धुण्याची पावडर हे सगळे आम्लारी पदार्थ. हळद त्यांच्या संगतीत लाल होते. व्हिनेगर, लिंबू ही आम्लं; बाबांच्या प्राणजलातही तसलंच काहीतरी. ती आम्लारीचा गुण मारतात आणि हळद मूळ रंगावर येते. लोकांनी बाबांच्या सांगण्यावरून सभागृह आणि घरं पावडरीने धुतली, फडकं लाल झालं. मी व्हिनेगरने पुसलं, पिवळं राहिलं. हे मी अकरावीत शिकलो होतो. त्याचे मार्कही मिळाले होते.

"अहो, रडताय काय," ती म्हणाली. "उद्या सभागृहात चला. आणि एक सांगू? तुमच्या त्या पाण्यानेही मला शिंका येतात. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात."

दुसऱ्या संध्याकाळी सभागृह तसंच भरलं. बाबा 'वास म्हणजे श्वास'पर्यंत आले होते, तेवढ्यात बायको पुढे गेली. मी मागोमाग, हातात बादली. शाळेत आवाज चढवायची सवय असल्याने तिला माईक लागला नाही.

"आमच्या घरची फरशी निर्दोष ठरली ना, बाबा? मग आमच्या घरच्या फडक्यानेही एकदा होऊन जाऊ दे." तिने धुतलेलं पांढरं फडकं पुढे केलं. "याने दोष काढा."

"पांढऱ्यात व्हायब्रेशन धरत नाही," बाबा म्हणाले.

"पिवळ्यात धरतं. बरं." मग तिने मला इशारा केला. मी तेच चौकटीतलं फडकं उंच धरलं, धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात बुडवलं आणि वर काढलं. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं. लोक कुजबुजले. मी ते माझ्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. पिवळं. पुन्हा पावडर, पुन्हा लाल.

"हळद आहे," मी म्हणालो. "मी सिद्ध नाही. मी गाढव आहे. भाजीचा डाग धुताना तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलंय. मी तर परीक्षेतही लिहिलंय."

कट्ट्यावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. हुंदके देणाऱ्या त्या आजी उठल्या, फडक्याजवळ आल्या, ते हुंगून म्हणाल्या, "मेल्या, हे तर माझ्या मसाल्याच्या डब्यात आहे!"

बाबा उठले. "अश्रद्धेने ऊर्जा खंडित झाली आहे," असं म्हणत ते दाराकडे निघाले. चपलांच्या ढिगात त्यांना त्यांच्या चपला सापडेनात. शिंपीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "टोपली आधी."

टोपली आली. पंप, गोळ्या, एकाची मधुमेहाची औषधं. मग पोलिसही आले. मुलगी घरी परतल्यावर चौकीत जबाब द्यायला स्वतः गेली, आणि इतकं सविस्तर बोलली की हवालदाराने दोनदा पाणी मागवलं.

संत्र्याचं पाणी अजूनही लोक मागतात. मी कृती देतो, आणि सोबत हेही सांगतो: याने तेलकटपणा जातो, थोडा वास येतो, संगमरवर खराब होतो. ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. नैसर्गिक आहे म्हणून दम्याच्या माणसाला चालेलच असं नाही. कुठलाही आजार याने बरा होत नाही. डॉक्टरने दिलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका; त्यात मीही आलो.

भोंदू माणूस ओळखणं फार अवघड नसतं. चमत्कार दुसऱ्याच्या घरी घडतो तेव्हा आपण सगळेच हुशार असतो. तो आपल्या घरी घडतो, आपल्याला थोर ठरवतो, गळ्यात उपरणं घालतो, तेव्हा प्रश्न विचारायचे राहून जातात. नेमके तेव्हाच विचारा. कसं झालं? कशामुळे झालं? दुसऱ्या फडक्याने होईल का? उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका, आणि तुमच्यापुढे कुणी जोडले तर लगेच सोडवा.